हशाची जागा

हशा आला तेव्हा अनसूयेला आधी बरंच वाटलं. ही गोष्ट तिनं पुढं कुणाला सांगितली नाही, आईला तर नाहीच; पण ती खरी होती. थंडीत पाठीवर कुणी ऊन पाण्याचा तांब्या रिता करावा, तसा तो हशा तिच्या अंगावरून ओघळला. डिसेंबरातली दुपार होती. सांगलीच्या नाट्यगृहात स्पर्धेतलं त्या दिवशीचं पहिलं नाटक चाललं होतं, आणि साताऱ्याच्या जिल्हा परिषदेच्या कचेरीत टायपिस्ट असलेली अनसूया होवाळ गंगू मोलकरीण होऊन रंगमंचाच्या मधोमध उभी होती. तिनं पितळेची ताटली पदरानं पुसली, उजेडाकडं धरून बघितली, दुसऱ्यांदा पुसली, तिसऱ्यांदा पुसली, खुर्चीवर बसलेल्या धाकट्या मालकापुढं ठेवली आणि म्हणाली, "आमच्या हातचं चालंल न्हवं, धनी?" सगळं नाट्यगृह हसलं. मागच्या बाकांवरच्या पोरांनी तर पाय आपटले. धाकटा मालक झालेला मुरलीधर वैशंपायन मुरलेल्या नटासारखा हशा ओसरायची वाट बघत थांबला. तेवढ्या वेळात, प्रेक्षकांकडं कधी बघायचं नाही हे त्यानं शंभरदा बजावलेलं असताना, अनसूयेनं समोर बघितलं. बायकांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत हिरव्या लुगड्यात तिची आई बसली होती. बनुबाई सकाळच्या गाडीनं कुंडलहून आली होती. नाटकाच्या थेटरात तिचं हे पहिलंच पाऊल. ती हसत नव्हती. ती डावीकडं बघत होती, उजवीकडं बघत होती. शेजारच्या बायका कशाला हसतात ते त्यांच्या तोंडावरून समजून घेत होती, आणि आपणही हसायला पाहिजे की काय, अशा बेतानं तिच्या ओठांची एक कड थोडी वर गेली होती. अनसूयेला तेवढी कडच दिसली, आणि अंगावरचं ऊन पाणी जागच्या जागी गार झालं. कारण ते वाक्य गंगूचं नव्हतं. ते आईचं होतं. ताटली तीनदा पुसणंही आईचंच होतं.

नाटक काही थांबत नाही. तोंड पाठ झालेलं बोलत राहतं, पाय आखलेल्या जागी जात राहतात. कुठल्या तरी परदेशी नाटकावरून शंभर वर्षांपूर्वी बेतलेलं ते जुनं प्रहसन होतं. धाकट्या मालकाला एका श्रीमंत घरची मुलगी हवी असते. थोरल्या मालकानं तिची पत्रं कपाटात कोंडलेली असतात, आणि कपाटाची किल्ली गंगूजवळ असते. म्हणून धाकटा मालक स्वयंपाकघरात येतो, गंगूचा हात धरतो आणि सांगतो, की मी तुझ्याशीच लग्न करणार. गंगू ते खरं मानते. शेवटच्या अंकात मालकाचं लग्न त्या मुलीशी लागतं आणि सगळं गोड व्हावं म्हणून गंगूला घरगडी रामाच्या गळ्यात बांधतात. टाळ्या, पडदा. तालमी सुरू झाल्या तेव्हा अनसूयेला स्वयंपाकघरातला तो प्रवेश विनोदी आहे हेच कळलं नव्हतं. तिनं तो सरळ केला होता. धनी हात धरतो तेव्हा "मग कवा करायचं लगीन?" हे वाक्य तिच्या तोंडून इतकं हळू निघालं होतं, की कोपऱ्यात चहा पिणारे लोक पेले खाली ठेवून हसले होते. ती गोंधळली होती. वैशंपायन मात्र टाळी वाजवून म्हणाला होता, "अस्संच कर. यातलं काहीसुद्धा बदलू नकोस. ती खरं मानते ना, म्हणून तर हसू येतं." मग सगळ्यांना उद्देशून त्यानं विनोदाचा नियम सांगितला होता. खालच्यानं वर बघितलं की हसू येतं; वरच्यानं खाली बघितलं तर येत नाही. अनसूयेनं तो नियम शाळेतल्या मुलीसारखा लक्षात ठेवला होता. आपण खाली आहोत की वर, हा विचार तेव्हा तिला शिवला नव्हता; ती त्याच्या बाजूला उभी आहे, असंच ती धरून चालली होती.

आणि का धरू नये? दीड वर्ष तो तिला 'तू' म्हणत होता. कचेरीतले बाकीचे तिला होवाळबाई म्हणत, काही जण नावच घेत नसत, कागद पुढं सरकवत आणि बोटानं ओळ दाखवत. हा हेडक्लार्क, वाईचा, घाटाशेजारच्या घरातला, संस्कृत येणारा, पहिल्याच आठवड्यात तिच्या टेबलाशी येऊन म्हणाला होता, "तुझं शुद्धलेखन आमच्यापेक्षा चांगलं आहे." ते 'तू' ऐकून तिच्या मानेवर काटा आला होता. तशी 'तू'ची तिला सवय कमी नव्हती. गावात तिला पाटलाच्या पोरापासून रस्त्यानं जाणाऱ्या कुणीही 'तू' म्हणायचं. पण ते वरून टाकलेलं असायचं. हे हातात ठेवल्यासारखं होतं. तो तिला वाचायला पुस्तकं देई, आवडलं का विचारी, नावडलं तर का नावडलं तेही विचारी. रविवारी ती दोघं टेकडीवरच्या चार भिंतींच्या स्मारकापर्यंत चढून जात. खाली सातारा लाल कौलांचं पडलेलं असे, आणि तो बोलत असे. माणसामाणसांतली उतरंड नाटकच मोडील, म्हणे. नाट्यगृहात अंधार झाला, की कुणाची जात दिसत नाही. एकदा उतरताना घसरणीवर त्यानं तिचा हात धरला होता आणि सपाटी आल्यावरही सोडला नव्हता. ती त्याला कायम 'तुम्ही' म्हणायची. एकदा त्यानं हसून म्हटलं होतं, "अगं, मलाही तू म्हण की." तिनं खोलीवर येऊन आरशापुढं म्हणून बघितलं होतं. तू. तू कधी आलास. तू जेवलास का. तोंडातून तो शब्द बाहेर पडेना. पडला तरी उंबऱ्याबाहेर चप्पल काढून उभा राही. प्रेमात हे असं असतं, असं तिनं मनाला सांगितलं होतं. आपला जीव जडला की जीभ जड होते. गंगूसुद्धा धन्याला 'तुमी'च म्हणायची आणि धनी गंगूला 'तू'. पण ते नाटक होतं.

मग मागच्या उन्हाळ्यात, चार भिंतींच्या कट्ट्यावर बसलेला असताना, तो सहज म्हणाला, "तुझ्या आईला एकदा भेटायला हवं." या वाक्याचा अर्थ कुठल्या मुलीच्या कानात दुसरा उतरेल? ती दोन रात्री झोपली नाही. तिनं आईला पत्र लिहिलं. आईला वाचता येत नव्हतं, ते शेजारच्या दगडाबाईच्या सुनेनं वाचून दाखवलं, आणि त्यात पाहुण्याचं आडनाव आलं तिथं दगडाबाईनं म्हणे दोनदा वाचायला लावलं. कुंडलला ती दोघं पोचली तेव्हा घर सारवलेलं होतं. छप्पन्न साली घरातले देव नदीला नेऊन सोडले तेव्हापासून रिकामा पडलेला कोनाडाही चुन्यानं रंगवला होता, त्याच्यावर बापाचा पलटणीतला फोटो. बाप जोतीराम सुभेदार होऊन आला आणि दोन वर्षांत गेला; पण जाण्याआधी लेकीला इस्लामपूरच्या बोर्डिंगात घालून गेला. फोटोतले त्याचे डोळे थेट समोर. कुणापुढं नजर खाली घालायची नाही, एवढा एकच धडा त्यानं घरात शिकवला होता, आणि तो आईला कधीच जमला नाही. त्या दिवशीही जमला नाही. बनुबाईनं पाहुण्यापुढं ठेवायची ताटली पदरानं पुसली. घासून घासून आधीच आरशासारखी केलेली ती ताटली, तरी पुसली, उजेडाकडं धरली, परत पुसली. मग ती खाली ठेवून, जमिनीकडं बघत म्हणाली, "आमच्या हातचं चालंल न्हवं?" वैशंपायन मांडी घालून बसला आणि जेवला. भाकरी, वांग्याची भाजी, शेंगांची चटणी. आणखी अर्धी भाकरी मागून घेऊन जेवला. बनुबाई भिंतीला टेकून त्याच्या प्रत्येक घासाकडं बघत होती, आणि अनसूया आईकडं. तिच्या आयुष्यात तेवढा सुखाचा दिवस दुसरा उगवला नव्हता. परतीच्या गाडीत त्याचे डोळे ओलावले होते. "किती खरं आहे गं हे सगळं," तो म्हणाला होता. मग थोड्या वेळानं, "कसं म्हणाल्या त्या? चालंल?" असं विचारून त्यानं तो शब्द दोन-तीनदा हलकेच तोंडात घोळवला. आईचा शब्द त्याच्या ओठांवर बघून तिला भरून आलं होतं. कऱ्हाड मागं पडेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली होती, की तिचा चेहरा त्याला दिसू नये.

त्यानंतर तिला एकच प्रश्न विचारायचा होता, आणि तोच विचारता येत नव्हता. कारण तालमी सुरू झाल्या आणि तो प्रश्न गंगूनं वापरून टाकला. मग कवा करायचं लगीन? रोज संध्याकाळी कचेरीमागच्या खोलीत ती त्याला हे विचारायची, आणि तो गुडघ्यावर हात मारून म्हणायचा, "लवकरच गंगू, लवकरच!" आणि सगळे हसायचे. दोन महिने रोज. आता तिनं एकटीनं, आपल्या तोंडानं विचारलं असतं, तर त्याला हसू आलं असतं, कदाचित तिलाही. म्हणून ती थांबली. स्पर्धा होऊ दे, मग. आणि आज सकाळी नाट्यगृहात नेपथ्य लावून झाल्यावर तो तिच्याजवळ आला, डोळ्यांत ती ओळखीची चमक, आणि म्हणाला, "अनसूया, एक नवी जागा सुचलीय. स्वयंपाकघरात तू मला खायला देतेस ना, तिथं ताटली पुसायची. एकदा नाही, तीनदा. आणि मग ते म्हणायचं. कुंडलचं." तिला लगेच कळलं नव्हतं. कळलं तेव्हा ती म्हणाली होती, "पण आई येणार आहे आज." तो म्हणाला, "मग तर फारच छान. त्यांना केवढा आनंद होईल." आणि त्याच्या तोंडाकडं बघितलं तर तो खरंच तसं मानत होता. त्यानं तिला करून दाखवलं. त्यानं आपल्या धोतराच्या सोग्यानं ताटली पुसली, मान आईसारखी थोडी तिरकी केली, आणि ती दचकली. इतकं ते हुबेहूब होतं. सात-आठ महिने त्यानं हे जपून ठेवलं होतं. ती नाही म्हणू शकली असती. हे पुढं तिला पुन्हा पुन्हा आठवत राहिलं, की त्या क्षणी कुणी तिचा हात पिरगाळला नव्हता. तिनं ताटली घेतली आणि विचारलं, "तिसऱ्यांदा पुसताना उजेडाकडं धरू, की दुसऱ्यांदा?"

नाटक संपलं. रामा आणि गंगूचे हात एकमेकांत देऊन पडदा पडला आणि टाळ्या बराच वेळ वाजत राहिल्या. रंगपटात गर्दी झाली. वैशंपायननं सगळ्यांदेखत तिचे दोन्ही हात धरले. "जिंकलीस! एका जागेत तीन हशे. परीक्षकसुद्धा हसत होते, मी बघितलं." त्याच्यामागं एक गोरी, बारीक चणीची मुलगी उभी होती, अंगावर अंजिरी रेशमी साडी. तिला त्यानं कोपराला धरून पुढं आणलं. "ही नलिनी. वाईचीच. मोठ्या भावाबरोबर मुद्दाम आलीय. आमचं ठरलं गेल्या आठवड्यात, माघात आहे. सांगणारच होतो, पण म्हटलं नाटकाच्या गडबडीत नको. आणि नलू, ही आमची गंगू!"

नलिनीनं हात जोडले. तिच्या डोळ्यांत खरंखुरं कौतुक होतं. "किती खरं केलंत हो तुम्ही," ती म्हणाली. "अगदी आमच्याकडच्या कामाच्या बाईसारखं. शिकलात कुठं?"

"माझं नाव अनसूया होवाळ," अनसूया म्हणाली. तिच्या गालांवरचा रंग घामानं ओघळत होता आणि एक हात अजून त्याच्या हातात होता. तो तिनं हळूच काढून घेतला. त्याला ते जाणवलंही नाही. तो आनंदात होता, आणि आनंदात तो सगळ्या जगाचं भलं करायला निघायचा. "आता हिचंही मार्गी लावायला हवं," तो म्हणाला. "नाटकात लावलंय तेच खरं करून टाकू. काय रे कृष्णात? जोडी किती छान दिसत होती तुमची."

कृष्णात कचेरीतला शिपाई. रामाचं काम त्यानं केलं होतं. अनसूयेच्याच समाजाचा, मसूरकडचा, कमी बोलणारा माणूस. तो आरशापुढं बसून खोबरेल तेलानं मिशी उतरवत होता. हात तसाच ठेवून तो आरशातूनच म्हणाला, "माझं लगीन झालंय, साहेब."

"हो? कधी?"

"तीन वर्सं झाली. एक पोरगी हाय. रजेच्या अर्जावर तुमचीच सही हाय की."

रंगपटात हशा उसळला. सगळ्यांत मोठ्यानं वैशंपायनच हसला, कपाळावर हात मारून, दिलखुलास. "बघा! ही आहे खरी हशाची जागा. ही नाटकात घालायला हवी होती." कृष्णात हसला नाही. त्यानं मिशी काढून कागदावर नीट ठेवली, आरशातल्या आरशात अनसूयेकडं एकदा बघितलं आणि नजर खाली घेतली. त्या एका नजरेत त्याला सगळं ठाऊक असल्याचं तिला कळलं. चार भिंती, कुंडल, सगळं. कचेरीतल्या शिपायाला कुठली गोष्ट ठाऊक नसते? आणि तिला पहिल्यांदा वाटलं, की पूर्ण दीड वर्ष आपल्याला एक जण तरी हसत नव्हता. वैशंपायन नलिनीला नेपथ्य दाखवायला घेऊन गेला. त्याच्या मनात पाप नव्हतं, हेच तिला पेलवेना. पाप असतं तर तिला रागावता आलं असतं. त्यानं तिला फसवलं नव्हतं. तिच्या मनात असं काही असू शकेल, हेच त्याला कधी सुचलं नव्हतं. खालच्यानं वर बघितलं की काय होतं, ते त्यानं तर सांगून ठेवलं होतं. कृष्णात जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "बाई, तुमची आय भाईर पायरीवर उभी हाय. आत या म्हनलं, तर न्हाई म्हनाली."

बनुबाईच्या हातात फडक्याचं गाठोडं होतं. सकाळपासून तिनं ते खाली ठेवलं नव्हतं. दोघी नदीकडं चालत गेल्या, कारण कुंडलची गाडी सुटायला तासभर होता आणि स्टँडवर बसायला अनसूयेला माणसांची भीती वाटत होती. कृष्णेचं पाणी उतरलं होतं. पुलावरून सायकली चालल्या होत्या, घाटावर एक जण बैल धूत होता. आईनं पायरीवर गाठोडं सोडलं. धपाटी होती, चटणी होती. पंधरा माणसांना पुरतील एवढी. "तुमच्या समद्यांस्नी म्हनून आनली," ती म्हणाली. "त्या वैशंपायनास्नी बी. त्यास्नी चटनी आवडली हुती."

"लय हसली लोकं," ती म्हणाली.

"हं."

"ते ताटली पुसायचं... त्ये घरला आलं हुतं तवा म्या तसंच केलं हुतं न्हवं?"

"व्हय, आये."

"त्यात हसन्याजोगं काय हुतं गं?" तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. पत्रातला एखादा अडलेला शब्द विचारावा तसं ती विचारत होती. "मला काय कळंना. म्या आपलं, पाव्हना मोठ्या घरचा, एवढ्या लांबनं आल्याला. त्याच्या मनात नसंल तर तोंडावर न्हाई कसं म्हनंल बिचारा? म्हनून आपनच इचारलं. न्हाई म्हनाय त्याला वाट ठिवली."

अनसूयेनं हातातलं धपाटं परत फडक्यावर ठेवलं. एवढी वर्षं तिला वाटत आलं होतं, की आई घाबरून तसं विचारते. आपलं खालचंपण आईच्या हाडांत मुरलंय म्हणून ती विचारते. आणि त्याची तिला मनातून थोडी लाजही वाटत आली होती. आज ताटली उजेडाकडं धरताना त्याच लाजेनं तिच्या हाताला नेमकी लय दिली होती. आई तर पाहुण्याची अब्रू सांभाळत होती. त्या घरात त्या दिवशी ज्याला दुसऱ्याचं मन कळत होतं, असं एकच माणूस होतं, आणि त्यालाच ती दोघं मिळून हजार माणसांपुढं उभं करून आली होती.

"त्येनं सांगितलं, का तूच केलंस?" आईनं विचारलं.

ती म्हणू शकली असती, त्यांनी सांगितलं. ते खोटंही नव्हतं. "सांगितलं त्यांनी," ती म्हणाली, "केलं म्या."

बनुबाईनं मान हलवली. उरलेली धपाटी एकावर एक नीट रचून ती फडक्याला गाठ मारू लागली. गाठ मारता मारता, वर न बघता, तिनं दीड वर्षात कधी न विचारलेलं विचारलं. "त्यो करून घील का गं तुला?"

"न्हाई, आये."

"बरं," ती म्हणाली. जरा वेळानं परत, "बरं." मग लेकीच्या कानामागं राहिलेला रंग तिनं थुंकी लावून अंगठ्यानं पुसला, लहानपणी पुसायची तसा, दुखेपर्यंत. गाडीच्या खिडकीतून तिनं ते गाठोडं खाली अनसूयेच्या हातात दिलं आणि म्हणाली, "काम झ्याक केलंस. बापानं बघाय पायजे हुतं." गाडी हलली. अनसूया स्टँडवर उभी राहिली, आणि आईला काय म्हणायचं होतं ते तिला त्या वेळी कळलं नाही, पुढंही कधी नीट कळलं नाही.

नाटकाला दुसरं बक्षीस मिळालं आणि साताऱ्यात कचेरीच्या लोकांसाठी आणखी एक प्रयोग ठरला. अनसूयेनं चार ओळींचा कागद टाइप करून वैशंपायनच्या टेबलावर ठेवला. प्रकृतीच्या कारणानं काम करता येणार नाही. तो दुपारी तिच्या टेबलाशी आला. चेहरा खरोखर दुखावलेला. "काय झालं? माझं काही चुकलं का?"

तिनं ठरवलं होतं, बोलायचं नाही. पण त्याच्या प्रश्नात इतकं अज्ञान होतं, की तिच्याच्यानं राहवलं नाही. "त्या दिवशी तुम्ही आमच्या घरी कशासाठी आला होता?"

तो विचारात पडला. खरंच आठवू लागला. "का म्हणजे? मला बघायचं होतं," तो म्हणाला. "तुमचं आयुष्य." मग तिच्या डोळ्यांत त्याला काहीतरी दिसलं असावं, कारण हळूहळू त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. दीड वर्षात पहिल्यांदा त्यानं तिच्याकडं असं बघितलं, जशी ती एखाद्या उंचीवर बसली आहे आणि तो पायथ्याशी उभा आहे. समोरच्या टेबलावरचा कारकून लिहायचा थांबला होता. वैशंपायननं कागदाची घडी घातली, खिशात ठेवली, आणि अत्यंत सभ्यपणे म्हणाला, "ठीक आहे. तुमची मर्जी, होवाळबाई."

तुमची. होवाळबाई. त्यानंतर त्यानं तिला कधीही 'तू' म्हटलं नाही. तिच्या बापाची सगळी इच्छा या एका शब्दाची होती. पंचवीस वर्षं पलटणीत घालवून लेकीसाठी त्यानं जो मान मागितला, तो तिला त्या दुपारी भर कचेरीत मिळाला. ती यंत्रात नवा कागद घालत राहिली. कागद सरळ बसेना. गंगूचं काम पोस्टातल्या एका बाईंना दिलं. त्यांना बोली जमेना म्हणून वैशंपायननं चिठ्ठी पाठवली, की होवाळबाईंनी सवडीनं दोन दिवस उच्चार शिकवले तर उपकार होतील. चिठ्ठी घेऊन कृष्णात आला होता. त्यानं ती तिच्या हातात न देता विचारलं, "देऊ, का हरवली म्हणून सांगू?" "हरवली म्हणा," ती म्हणाली. माघात कचेरी लग्नाला वाईला गेली, तेव्हा रिकाम्या कचेरीत ती आणि कृष्णात दोघंच फाइली लावत होती; दिवसभरात दोघांत पाच वाक्यं झाली असतील, आणि त्या पाच वाक्यांत त्यानं तिला आणि तिनं त्याला 'तुमी'च म्हटलं.

उन्हाळ्यात ती कुंडलला गेली. इतके दिवस काही ना काही कारणानं टाळलं होतं. दुपारी आत पडली असताना दारात कुणाचा तरी आवाज आला. हिवतापाच्या औषधाची फवारणी करणारा माणूस होता, भिंतीवर तारीख लिहायला आलेला. बनुबाई पुढं झाली. "या," ती म्हणाली. "बसा. पाणी देते." अनसूया उठून बसली. "घरात कोणी आजारी... नाही. मुलगी आली आहे, साताऱ्याहून." प्रत्येक शब्दाआधी बनुबाई थोडी थांबत होती. ओढ्यातल्या निसरड्या दगडांवरून चालणाऱ्या माणसासारखी एकेका अक्षरावर पाय ठेवून, ते हलत नाही ना बघून, मग पुढच्यावर. त्या माणसाला त्याचं काही नव्हतं. त्यानं तारीख लिहिली, पाणी प्यायला आणि गेला.

आई आत आली आणि चुलीपुढं बसली. "चहा ठेवू का तुला?" तिनं विचारलं.

"आये, माझ्यासंगं तरी असं बोलू नगंस."

"सवय पाहिजे," बनुबाई म्हणाली. "दगडाबाईची सून शिकवती... शिकवते मला, रोज थोडं. उद्या तुझ्याकडं चार माणसं येतील, जातील. माझ्यामुळं परत कोणी हसायला नको." 'कोणी' म्हणताना तिनं 'ण'वर इतका जोर दिला, की मानेची शीर ताणली गेली. ती वळून लेकीकडं बघत होती, पाठ म्हणून दाखवलेल्या मुलीनं मास्तरणीकडं बघावं तशी.

अनसूयेनं तोंड पदरात घातलं. तिला आवाज करायचा नव्हता, पण तो झाला. बनुबाई हातातलं लाकूड टाकून घाबरून पुढं सरकली. "काय झालं गं? काय चुकलं व्हय माझं?" आणि मग थबकून, स्वतःच्याच तोंडावर हात ठेवून, एकेक शब्द निवडत तिनं परत विचारलं, "काही चुकलं का माझं?"